अंगाईची मात्रा

कमी दिवसांच्या बाळांसाठीच्या संगीतोपचारात नव्याने येणाऱ्या वाचकाने आधी बाळाच्या कानांचा विचार करावा. पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाला ऐकू येऊ लागतं. दिवस भरले असते तर पुढचे तीन महिने बाळाच्या कानी पडली असती आईची बोली, तिच्या काळजाचे ठोके आणि रक्ताची सळसळ. कमी दिवसांचं बाळ मात्र थेट अतिदक्षता कक्षातल्या वॉर्मरवर येतं. तिथे मॉनिटरचा गजर, सक्शनची घरघर, स्टीलच्या ट्रेचा खणखणाट. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्येच अशा कक्षांसाठी ४५ डेसिबलच्या आतला आवाज सुचवला होता. म्हणजे या शाखेतलं पहिलं काम गाण्याचं नाहीच, गोंगाट कमी करण्याचं आहे.

गाण्याकडे वळलं की दोन अभ्यास हमखास समोर येतात. न्यूयॉर्कच्या जोआन लोवी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ११ रुग्णालयांतल्या २७२ बाळांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. आईबापांनी निवडलेलं घरचं गाणं अंगाईच्या लयीत समोर बसून गायलं, तर बाळाच्या हृदयाची गती मंदावते, चोखणं सुधारतं आणि पालकांची धास्तीही उतरते, असं त्यांना दिसलं. जिनिव्हात संगीतकार आंद्रेआस फोलेनवायडर यांनी वीणेसारखी हार्प, घंटा आणि आपल्याकडच्या गारुड्याची पुंगी बाळांपुढे वाजवून पाहिली. सर्वाधिक प्रतिसाद पुंगीला मिळाला! तिथल्या बाळांच्या मेंदूच्या प्रतिमा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

तरी हुरळून जाऊ नये. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात २५ चाचण्या एकत्र तपासल्या; हृदयाच्या गतीवर चांगला परिणाम दिसला, रक्तातल्या ऑक्सिजनवर नाही. संगीताने बाळ जगतं असं म्हणायला आज आधार नाही.

बाळ कशाने जगतं, हे गडचिरोलीनेच जगाला दाखवलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गावर वेळेत औषध: त्यात चमत्कार काही नव्हता. १९७८ मध्ये बोगोटात सुरू झालेली कांगारू पद्धतही याच वाटेची. बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधलेलं असताना ती हळू आवाजात गुणगुणली, तर वेगळा खर्च नाही आणि वेगळी जागाही लागत नाही. गाण्याची खरी जागा मला तिथेच दिसते. मोबाइलवर लावलेल्या ‘बेबी म्युझिक’मध्ये नाही.

याच गडचिरोलीतल्या आरमोरीला गाण्याची वाण नाही. शेजारच्या देसाईगंजात झाडीपट्टी रंगभूमीचा मुक्काम, घरात झाडीबोली, आतल्या गावांत गोंडी. आजीकडून आलेला पाळणा इथल्या आईला कुणी शिकवावा लागत नाही. दवाखान्यात तोंड उघडायचा तिला संकोच वाटतो, तेवढा घालवावा लागेल.

हे काम परिचारिकेपासून सुरू होऊ शकतं, आणि घरी आल्यावर ४२ दिवसांपर्यंत भेटी देणाऱ्या आशाताईपासूनही. बाळ छातीशी असताना आई काय गाते ते तिच्याच बोलीत उतरवून घ्या. आधीची आणि नंतरची नाडी त्याच कागदावर लिहा. बाळ दचकलं, हातपाय ताणले, तोंड फिरवलं तर गाणं थांबवा, आणि तेही लिहा.