डिस्कचा जनरल रजिस्टर नंबर

शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याचे दोन क्रमांक असतात. हजेरीपटातला क्रमांक वर्ग बदलला की बदलतो. जनरल रजिस्टरमधला मात्र शाळा सोडेपर्यंत तोच राहतो आणि दाखल्यावरही तोच येतो. संगणकाच्या डिस्क ओळखण्याची पद्धत अशीच पहिल्या क्रमांकाकडून दुसऱ्याकडे गेली.

१९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही कार्यप्रणाली तयार केली. तिच्यात फ्लॉपी ड्राइव्हना 'ए', 'बी' अशी अक्षरे असत. डॉसने तीच रीत उचलली. १९८३ साली आयबीएमचा पीसी-एक्सटी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला, तेव्हा तिच्या वाट्याला 'सी' आले. हे अक्षर डिस्कवर लिहिलेले नसे. संगणक सुरू होताना डॉस अक्षरे वाटत असे: आधी प्रत्येक डिस्कच्या मुख्य विभागाला, मग उरलेल्या उपविभागांना. समजा, एका डिस्कवर 'सी' आणि 'डी' असे दोन विभाग आहेत. दुसरी डिस्क जोडली की तिचा मुख्य विभाग 'डी' होई आणि जुना 'डी' सरकून 'ई' बने. 'डी'वर फाइल शोधणारा प्रोग्रॅम मग भलत्याच दारात जाऊन उभा राही.

ओळख डिस्कवरच लिहिली तर? विंडोज एनटीच्या घराण्यात तसे झाले. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये ठरलेल्या जागी ४ बाइटची 'सही' ठेवली जाते. ४ बाइट म्हणजे ३२ बिट. त्यांतून सुमारे ४२९ कोटी वेगवेगळ्या सह्या होऊ शकतात. 'अमुक सहीच्या डिस्कवर अमुक अंतरावर सुरू होणारा विभाग म्हणजे डी' अशी नोंद विंडोज आपल्याजवळ ठेवते. युनिक्सच्या परंपरेतल्या लिनक्सने १२८ बिटांचा यूयूआयडी हा क्रमांक वापरला. त्याचे मूळ अपोलो कॉम्प्युटर कंपनीच्या १९८०च्या दशकातील कामात आहे.

आता बॅकअपकडे वळू. डिस्क बिघडली, नवी आणली, ती फॉरमॅट केली आणि बॅकअपमधल्या सगळ्या फाइली तिच्यावर उतरवल्या. एकही फाइल गहाळ नाही, तरीही संगणक सुरू होईलच असे नाही. कारण ओळखक्रमांक कोणत्याच फाइलमध्ये नसतो. फॉरमॅट करताना नवा क्रमांक पडतो, पण फाइलींमधल्या नोंदी जुन्याच क्रमांकाला हाक मारत राहतात. म्हणून मृत डिस्कच्या जागी नवी बसवायची असेल, तर तिला जुनाच क्रमांक द्यावा लागतो. संपूर्ण डिस्कची बाइटगणिक प्रतिमा घेतली असेल, तर तो आपोआप सोबत येतो. हरवलेल्या दाखल्याची दुय्यम प्रत देताना आपणही नवा रजिस्टर नंबर पाडत नाही.

मूळ डिस्क जिवंत असेल तर मात्र हेच उलटे होते. मूळ आणि तिची हुबेहूब प्रत एकाच संगणकाला जोडली, तर एका क्रमांकाचे दोन धनी होतात. अशा वेळी अलीकडच्या विंडोज त्यांतली एक डिस्क बाजूला ठेवतात. लिनक्सवरील एक्सएफएस ही फाइलव्यवस्था दुसरी प्रत उघडायलाच नकार देते. म्हणजे प्रत मूळ डिस्कच्या *जागी* येणार असेल तर क्रमांक जपावा. *शेजारी* राहणार असेल तर बदलावा.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'व्हॉल' ही आज्ञा द्या आणि तिच्यापुढे पेनड्राइव्हचे अक्षर लिहा. तिथे दिसणारा क्रमांक विभागाचा असतो. वर सांगितलेली डिस्कची सही त्याहून वेगळी. मुलांना तो क्रमांक टिपून ठेवायला सांगा. पेनड्राइव्हवरच्या फाइली दुसरीकडे ठेवून तो फॉरमॅट करा, फाइली परत आणा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. फाइली त्याच, क्रमांक निराळा! बॅकअप घेतला म्हणजे सारे सुरक्षित झाले का, हा प्रश्न मग मुले स्वतःच विचारतील.