हेड गॅस्केट : डिझेल ट्रकच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

१/ मराठवाड्यातील रस्तेवाहतुकीचा इतिहास आपण मार्ग, आगारे आणि प्रशासन यांच्या आधारे वाचतो. या धाग्यात तो एका पातळ पत्र्याच्या आधारे वाचू. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला हा पत्रा म्हणजे हेड गॅस्केट.

२/ जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने हैदराबाद संस्थानात २७ बसगाड्यांनिशी सरकारी रस्तेवाहतूक सुरू केली. नांदेड तेव्हा याच संस्थानातील जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाले. १९५४ पासून टेल्कोने डायमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तोवर डिझेल ट्रक देशी रस्त्यांवर रुळू लागला होता.

३/ डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा तिच्या आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. दाब निसटला, तर इंजिन नीट चालणारच नाही. शिवाय त्याच सांध्यातून वंगणतेल आणि थंडाव्याचे पाणीही वर जाते. वायू, तेल, पाणी या तिघांना वेगळे ठेवण्याची जबाबदारी एकट्या गॅस्केटची.

४/ विसाव्या शतकातील रूढ उत्तर होते तांबे आणि ॲस्बेस्टॉस. ॲस्बेस्टॉस जळत नाही आणि मऊ असल्याने पृष्ठभागातील बारीक उंचसखलपणा भरून काढते.

५/ मात्र त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे, हे अज्ञात नव्हते. ब्रिटनने कारखान्यांतील ॲस्बेस्टॉस धुळीविषयी १९३१ मध्येच नियम केले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातील कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. पण हेड उतरवून चिकटलेले जुने गॅस्केट कोरडेच खरवडणाऱ्या रस्त्याकडेच्या मिस्त्रीची नोंद कोणत्या वहीत होणार?

६/ पुढे टर्बोचार्जर आला आणि दाब वाढला. आजच्या शक्तिशाली ट्रक-इंजिनात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोपर्यंत जातो. ११ सेंटिमीटर व्यासाच्या एका सिलिंडरवर हिशेब मांडा : हेडला वर ढकलणारे बल सुमारे १९ टन! म्हणून पोलादी पत्र्यांचे अनेक थर असलेले गॅस्केट आले. त्याला पृष्ठभाग अत्यंत सपाट लागतो आणि बोल्टही ठरलेल्या क्रमाने, मध्यापासून कडेकडे, मोजून आवळावे लागतात. केवळ हाताच्या अंदाजावर चालणारी कारागिरी आता पुरेनाशी झाली.

७/ येथे मराठवाड्याचा भूगोल इतिहासात शिरतो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरत राहिल्यास आत क्षारांचा थर साचतो. उष्णता बाहेर पडत नाही, हेड वाकते, गॅस्केट उडते. तेलात पाणी मिसळून दुधाळ होते आणि मालाने भरलेला ट्रक वाटेतच थांबतो. पाणीटंचाईची किंमत अशा रीतीने इंजिनालाही मोजावी लागते.

८/ यंत्रांचा इतिहास लिहिताना शोधक आणि कंपन्या यांची नावे सहज सापडतात. दुरुस्ती करणाऱ्यांची सापडत नाहीत, कारण त्यांचे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडीच गेले. नांदेड-लातूरच्या गॅरेजांतील वृद्ध मिस्त्री आज मौखिक इतिहासाची जिवंत साधने आहेत. त्यांच्या मुलाखती नोंदवणे हे आपल्या पिढीचे काम आहे. उशीर झाला, तर ही साधने पुन्हा मिळणार नाहीत.