तालीम ते अभ्यासक्रम : नटाच्या शिक्षणाची वाट



नट जन्मावा लागतो की घडवावा लागतो, हा वाद जुना आहे. मराठी नाटकमंडळ्यांनी तो वाद घातला नाही. त्यांनी गळ्याची आणि रूपाची मुले शोधून आणली आणि त्यांना तालमीला उभे केले. ‘तालीम’ हा शब्द आपण आखाड्यासाठीही वापरतो आणि नाटकासाठीही. दोन्हीकडे अर्थ एकच : रोज, उस्तादाच्या नजरेखाली, अंग मोडेपर्यंत. या तालमीचे पुढे काय झाले, तिची जागा शाळेने कशी घेतली आणि त्यात आपल्या ग्वाल्हेरचा वाटा कोणता, एवढाच आजचा विषय.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. या नव्या नाटकाला गाणारा नट हवा होता, आणि असा नट तयार करणारी शाळा कुठेच नव्हती. म्हणून मंडळी हीच शाळा झाली. मुलगा बिऱ्हाडात राहायचा, पंगतीत जेवायचा, गळा तयार करायचा, किरकोळ भूमिकांत उभा राहायचा आणि मोठ्यांची कामे विंगेतून पाहायचा. फी नाही, पुस्तक नाही, परीक्षा मात्र दर खेळाला. परीक्षक तिकीट काढून बसलेले.

या शाळेचे सर्वांत मोठे शिक्षक गोविंद बल्लाळ देवल. ‘शारदा’चे नाटककार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण नटांमध्ये त्यांचा दरारा होता तो तालीम मास्तर म्हणून. गणपतराव बोडसांसारखे नट त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९०५ साली नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा त्यांनाही देवलांची तालीम मिळाली. वाक्याचा अर्थ आधी समजून घ्यायचा आणि आवाज मग चढवायचा, ही शिस्त गद्य आणि पद्य दोन्हींना लागू होती.

आता गळ्याकडे येऊ, कारण तो प्रवास आपल्या गावातून सुरू होतो. इचलकरंजीजवळच्या चंदूर गावचे बाळकृष्णबुवा ग्वाल्हेर गायकीसाठी घर सोडून इकडे आले आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले. ती विद्या त्यांनी दक्षिणेत नेली. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले, आणि विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरातली विद्या वर्गात आली. ग्वाल्हेरातही तेच घडत होते. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने व भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय उभे राहिले. गाण्याला इयत्ता, क्रमिक पुस्तके आणि प्रमाणपत्र मिळाले.

अभिनयाला मात्र यातले काहीच मिळाले नाही. गाण्याचे स्वरलेखन करता येते, राग वर्गात मांडता येतो. पण समोरचा नट बोलत असताना गप्प उभे कसे राहायचे, हे कोणत्या वहीत लिहायचे? ते पाहूनच शिकायचे. म्हणून गाणे शाळेत गेले आणि अभिनय मंडळीतच राहिला.

या दोन वाटा एका माणसाच्या आयुष्यात भेटतात. विनायकबुवा पटवर्धन हे विष्णु दिगंबरांचे शिष्य, म्हणजे ग्वाल्हेर परंपरेचेच. १९२२ ते १९३२ अशी दहा वर्षे ते गंधर्व नाटक मंडळीत गायकनट होते. १९३२ साली त्यांनी रंगभूमी सोडून पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. नट शिक्षक झाला आणि प्रेक्षक पडद्याकडे वळला. पुढच्या काही वर्षांत मोठ्या मंडळ्या मोडत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर नटांची निवासी शाळाही बंद पडली.

तिच्याबद्दल हळहळताना तिची किंमतही मोजली पाहिजे. डॉक्टर म्हणून मला एक गोष्ट दिसते. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो. हा शरीराचा धर्म आहे, त्याला औषध नाही. आवाज पुन्हा बसला तर ठीक, नाहीतर भूमिका गेली. शालेय शिक्षण तर आधीच सुटलेले. आपल्याला नावे ठाऊक आहेत ती तरून गेलेल्यांची. आणि मुलींना या शाळेचे दार जवळजवळ बंदच होते. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’त नाट्यमन्वंतरने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, तेव्हा ते खऱ्या अर्थाने उघडू लागले.

मंडळ्या गेल्यावर जी पोकळी राहिली, ती भरायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उलटावे लागले. १९५९ साली दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. १९६२ पासून इब्राहिम अल्काझींनी तिथे आवाज, शरीर, नेपथ्य, प्रकाश अशा सगळ्या अंगांना शिस्त लावली. १९६० साली पुण्यात, प्रभात स्टुडिओच्याच जागेवर, चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने तर आपल्या नावापुढे ‘गुरुकुल’ हा शब्द लावला. जुन्या तालमीची आठवण विद्यापीठालाही झाली, असाच त्याचा अर्थ.

ग्वाल्हेरच्या मुलाला मात्र बराच काळ आगगाडीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९६४ साली लिटल बॅले ट्रूप मुंबईहून इथे आले. त्यांच्यामुळे शरीर हेही नटाचे वाद्य आहे, हे शहराने जवळून पाहिले. पुढे तेही भोपाळला गेले. इथलेच पीयूष मिश्रा दिल्लीच्या नाट्य विद्यालयात शिकले आणि मोठे झाले. त्याचा आनंद आहेच. पण शिकायला गेलेला नट परत येत नाही, तेव्हा गावातल्या पुढच्या मुलाने कोणाला विंगेतून पाहायचे?

२००८ साली राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ इथे स्थापन झाले. नाट्यशिक्षण आता घरच्या अंगणात आहे. पण ते हिंदीत आहे, आणि आपल्या मराठी घरांतली मुले हिंदीत विचार करून मराठीत बोलतात. पूर्वी मराठी जिभेला वळण लावायला नाटक होते. आज हौशी मंडळींना गणेशोत्सवातल्या एका प्रयोगासाठीही स्वच्छ मराठी बोलणारे चार तरुण जमवावे लागतात.

माझ्या पेशातली एक रीत इथे उपयोगी पडेल. होमिओपॅथीची पदवी साडेचार वर्षांच्या अभ्यासाने मिळत नाही, त्यावर एक वर्ष रुग्णालयात काढावे लागते. औषधांची लक्षणे तोंडपाठ असलेला विद्यार्थी पहिल्या रुग्णासमोर गोंधळतो. रुग्ण आपले दुखणे पुस्तकातल्या क्रमाने सांगत नाही. प्रेक्षकही तसाच. म्हणून नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने काही महिने एखाद्या हौशी मंडळीत काढावेत, पडदा ओढण्यापासून छोट्या भूमिकेपर्यंत सगळे करावे, आणि ते अभ्यासक्रमात धरले जावे. मंडळीला शिकलेले हात मिळतील, विद्यार्थ्याला समोर बसलेली माणसे मिळतील. मराठी मुलांसाठी ती मंडळी मराठी असावी, आणि एवढी जबाबदारी आपल्यासारख्या संस्थांनी उचलावी.

शाळेने नटाला प्रतिष्ठा दिली, मुलींना जागा दिली, आवाज फुटलेल्या मुलाला दुसरे वर्ष दिले. हे मंडळीला जमले नव्हते. पण मंडळीकडे रोजचा प्रेक्षक होता, आणि तो अजून कोणत्याही शाळेला आणता आलेला नाही. तो आणणे आपल्या हातात आहे. पुढच्या नाटकाला तिकीट काढून या, आणि येताना घरातल्या मुलांना बरोबर आणा.