घरी आजारी ज्येष्ठांची देखभाल : ब्यूरो कसा निवडावा?

सत्तर-ऐंशीच्या दशकात सिडकोच्या घरांत राहायला आलेली नवी मुंबईतील पिढी आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहे. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात असतात, आणि जवळ असली तरी सकाळी साडेसातला लोकल पकडतात. खुब्याचे हाड मोडते किंवा पक्षाघात होतो, हॉस्पिटल ‘उद्या डिस्चार्ज’ म्हणते आणि घरच्यांना एका दिवसात माणूस शोधावा लागतो. देखभालीसाठी माणूस पुरवणाऱ्या संस्थेला आपल्याकडे ‘ब्यूरो’ म्हणतात. घाईत पहिल्या मिळालेल्या ब्यूरोला होकार दिला जातो आणि अडचणी नंतर सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच टाळता येतात.

आधी ठरवा : नर्स हवी की मावशी?

ओपीडीत मला सर्वात जास्त दिसणारा घोळ हाच आहे. घरच्यांना वाटते नर्स आली आहे, प्रत्यक्षात आलेली असते ती अटेंडंट, म्हणजे आपण ज्यांना मावशी किंवा मामा म्हणतो. पांढरा कोट आणि ‘सिस्टर’ ही हाक यावरून काहीच ठरत नाही.

अंघोळ घालणे, स्पंज करणे, डायपर बदलणे, भरवणे, कूस बदलणे, धरून चालवणे, घरच्यांनी काढून ठेवलेल्या गोळ्या वेळेवर देणे, सोबत बसणे ही अटेंडंटची कामे. शिरेतून इंजेक्शन, सलाइन, लघवीची नळी किंवा नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब घालणे, खोल जखमेचे ड्रेसिंग, घशाला छिद्र केलेल्या रुग्णाचे सक्शन ही नर्सची कामे. आधीच घातलेल्या ट्यूबमधून पातळ आहार देणे, लघवीची पिशवी रिकामी करणे अशी मधली कामे अनुभवी अटेंडंट करू शकतात, पण त्यांनी ती कुठे शिकली हे विचारायला हवे आणि पहिल्यांदा समोर करून घ्यायला हवीत.

उलटी चूकही होते. दिवसातून दोनदा इन्सुलिन आहे एवढ्यासाठी काही कुटुंबे बारा तासांची नर्स ठेवतात. इन्सुलिन पेन वापरायला घरातले कोणीही दोन दिवसांत शिकते. आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग असेल तर त्यापुरती नर्सची भेट आणि बाकी वेळ अटेंडंट, हे पुरते. डिस्चार्जच्या वेळी वॉर्डमधल्या सिस्टरना एकच प्रश्न विचारा : ‘तुम्ही दिवसभरात यांच्यासाठी नेमके काय काय करता?’ त्यांनी सांगितलेले वेळेसह कागदावर लिहून घ्या. ब्यूरोला फोन करताना तो कागद हातात असावा.

नोंदणी कोणाची असते, कोणाची नसते

नर्सची नोंदणी असते. एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या व्यक्तीला काम करण्यासाठी राज्याच्या परिषदेची, आपल्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, नोंदणी लागते. तिचे प्रमाणपत्र मागा आणि त्याची मुदत पाहा. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचीही राज्यात वेगळी परिषद आहे. अटेंडंटसाठी अशी परिषद नाही. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ असे कौशल्य अभ्यासक्रम आहेत, ते केलेले असतील तर चांगलेच. मात्र कित्येक उत्तम मावशी हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये काम करतच शिकलेल्या असतात.

ब्यूरोचे काय? हॉस्पिटल आणि नर्सिंग होमना १९४९च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. घरी माणूस पाठवणारा ब्यूरो त्यात येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा या गोष्टी त्यात होत्या. ते मंजूर न होताच २०२४मध्ये ती लोकसभा संपली. त्यामुळे ‘आम्ही गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहोत’ असे सांगून ब्यूरोवाले जो कागद दाखवतात तो बहुधा गुमास्ता असतो. त्यावरून दुकान आहे एवढे कळते. तिथून येणाऱ्या बाईला रुग्णाची कूस बदलता येते की नाही, ते त्यावरून कळत नाही. म्हणजे तपासणी आपल्यालाच करायची आहे.

नावे कुठून मिळवायची

हॉस्पिटलमधून मिळालेले कार्ड ही शिफारस नव्हे, ते फक्त कार्ड असते. माझ्या मते सर्वात भरवशाची माहिती घरोघर जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे असते. ते रोज दहा घरांतल्या मावशी पाहतात आणि कोणत्या ब्यूरोची माणसे टिकतात हे त्यांना ठाऊक असते. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली अशा उपनगरांतले ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीतले ज्यांच्याकडे सध्या मावशी आहेत असे घर आणि तुमचे नेहमीचे डॉक्टर यांनाही विचारा. इंटरनेटवर नुसता मोबाइल नंबर असेल आणि माणूस पाठवण्याआधी पूर्ण महिन्याचे पैसे यूपीआयवर मागत असतील तर तिथेच थांबा. ऑफिस जवळ असेल तर प्रत्यक्ष जाऊन या. पैसे घेऊन नंबर बंद झालाच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते.

ब्यूरोला विचारायचे प्रश्न

‘माणूस चांगला आहे ना?’ याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते, म्हणून तो प्रश्न नको. त्याऐवजी विचारा : या व्यक्तीने आधी अशाच आजाराचा रुग्ण सांभाळला आहे का, किती महिने, आणि त्या घराशी बोलता येईल का? उद्या सकाळी आठला ती आली नाही तर बदली किती तासांत मिळेल? मुसळधार पावसात हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर मार्ग बंद पडला की आधीची मावशी थांबेल का, आणि त्या जादा तासांचे काय? तुमच्याकडून कोणी सुपरवायझर घरी येऊन पाहून जातो का?

आणखी एक प्रश्न जरा अवघड वाटतो, पण विचारावाच : आम्ही देतो त्यातले मावशींच्या हातात किती पडतात? कमिशन घेणे गैर नाही, ब्यूरोचा तो धंदा आहे. पण निम्म्याहून कमी पैसे तिच्यापर्यंत पोहोचत असतील तर ती महिनाभरात दुसरीकडे जाईल आणि तुमच्या आईला पुन्हा नव्या माणसाची सवय करावी लागेल. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला असा बदल फार जड जातो.

करार लेखी हवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. डिपॉझिट कधी परत मिळेल, रुग्ण मध्येच हॉस्पिटलमध्ये दाखल झाला किंवा निधन झाले तर उरलेल्या दिवसांचे पैसे कसे, आठवड्याची सुट्टी, जेवण-चहा कोणाचा, नोटीस किती दिवसांची, हे त्यात असावे. मावशींना परस्पर कामावर ठेवल्यास दंड, असे कलम बऱ्याच करारांत असते. सही करण्याआधी ते वाचा. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी अटेंडंटचा पगार देत नाहीत, तेव्हा तो खर्च खिशातूनच धरा.

‘चोवीस तासांची बाई’ याचा अर्थ घरात राहणारी बाई, चोवीस तास जागी राहणारी नव्हे. तिला सलग सहा-सात तास झोप लागतेच. रुग्णाला रात्रीतून चार वेळा उठवावे लागत असेल, किंवा तो रात्री उठून दार उघडत असेल, तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या हव्यात किंवा रात्र घरच्यांनी वाटून घ्यावी. एकाच व्यक्तीवर दोन्ही टाकले की पंधरा दिवसांत एक तर ती निघून जाते, किंवा रुग्णाने झोपावे म्हणून उपाय शोधू लागते. यावर पुढे लिहिले आहे.

येणारी व्यक्ती

आधार कार्डाची प्रत, फोटो, कायमचा पत्ता आणि घरच्या एका व्यक्तीचा नंबर पहिल्या दिवशीच घ्या. ब्यूरोने पोलीस पडताळणी केली असल्यास तिची प्रत मागा, नसल्यास तुमच्या पोलीस ठाण्यात माहिती द्या. बदली आलेल्या व्यक्तीलाही हेच लागू आहे. नेमकी तीच गोष्ट राहून जाते.

भाषेचा विचार करा. नवी मुंबईत मल्याळी, तमिळ, गुजराती, कोकणी घरे पुष्कळ आहेत. स्मृतिभ्रंश वाढला की माणूस अनेकदा आयुष्यभर बोललेली हिंदी सोडून आईच्या भाषेवर येतो. तीच भाषा येणारी मावशी मिळाली तर अर्धा त्रास कमी होतो. नाही मिळाली तर पाणी, लघवी, दुखते, नको असे दहा-बारा शब्द लिहून द्या. आणि ज्यांची अंघोळ घालायची आहे त्यांना विचारा. आजोबांना मामा हवे असतील, आजींना पुरुष अजिबात चालणार नसेल, तर ते त्यांनीच ठरवावे.

पहिले दोन-तीन दिवस घरातल्या कोणीतरी रजा काढून थांबायलाच हवे. काय पाहायचे ते सांगतो. भरवताना रुग्णाला बसवले जाते का? आडवे ठेवून भरवले की अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. राइल्स ट्यूब असेल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि आहारानंतरही अर्धा-एक तास तशीच ठेवावी. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीवर टेकलेली नको. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. पलंगावरून खुर्चीत घेताना दंडाला धरून ओढले जात नाही ना, तेही पाहा.

एक वही ठेवा. वेळ, खाणे-पाणी, लघवी-शौच, औषधे, कूस बदलल्याची वेळ, आणि बीपी-शुगर सांगितली असल्यास ती. पाळी बदलताना दोघींनी ती वाचावी. मला व्हिजिटला गेल्यावर या वहीतून जेवढे कळते तेवढे फोनवरच्या ‘ठीक आहेत’मधून कळत नाही. शेवटच्या पानावर १०८, तुमचा नंबर आणि कोणत्या हॉस्पिटलला न्यायचे ते लिहा. रुग्ण पडला, घुसमटला, अचानक बोलणे अडखळले तर आधी १०८, मग तुम्हाला फोन, हा क्रम मावशींना स्पष्ट सांगा. लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत राहत असाल तर रुग्णाला खाली कसे आणायचे तेही आधीच ठरवा.

मावशींचा कप वेगळा ठेवणारी, त्यांना जेवायला बाहेर गॅलरीत बसवणारी घरे मी पाहिली आहेत. तुमच्या वडिलांची शी काढणारा हात चालतो आणि त्याच हाताने धरलेला कप चालत नाही, हे मला कधी समजलेले नाही. त्यांना बसायला खुर्ची, झोपायला जागा, वेळेवर जेवण आणि ठरल्या तारखेला पगार द्या.

काय दिसले तर लगेच लक्ष घालायचे

दिवसाही न उतरणारी गुंगी. रात्री शांतता हवी म्हणून झोपेची किंवा चिंतेवरची गोळी जादा दिली जाते, असे घडते. म्हातारपणी अशा गोळीने तोल जाणे, पडणे, गोंधळणे, श्वास मंदावणे यांचा धोका मोठा असतो. म्हणून औषधांचा डबा घरच्यांच्या ताब्यात ठेवा, एका दिवसाच्याच गोळ्या बाहेर काढा आणि पट्टीतल्या गोळ्या अधूनमधून मोजा.

माकडहाड, टाचा, खुबे रोज स्वतः पाहा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल तर ती बेडसोरची सुरुवात असू शकते. सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता काळसर-जांभळा आणि हाताला गरम लागतो. त्या टप्प्यावर दाब काढला तर जखम टळू शकते. दंडावर किंवा मनगटावर बोटांसारखे वळ, सुकलेले ओठ, घटणारे वजन, किंवा ठराविक व्यक्ती खोलीत आली की रुग्णाचे गप्प होणे, यांपैकी काही दिसले तर ब्यूरोच्या खुलाशाची वाट न पाहता ती पाळी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. वळ-जखमांचे फोटो तारखेसह ठेवा. कॅमेरा लावायचा असेल तर तो आहे हे मावशींना आणि रुग्णालाही सांगून लावा, आणि अंघोळ किंवा डायपर बदलण्याच्या जागी लावू नका.

मारहाण, धमकी, चोरी असेल तर ११२ किंवा पोलीस ठाणे. सल्ला किंवा मदत हवी असल्यास ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात मोफत उपलब्ध आहे. ब्यूरो बदलताना जमल्यास जुन्या आणि नव्या मावशींचा एक दिवस एकत्र ठेवा, किल्ली परत घ्या आणि सोसायटीच्या गेटवर नाव बदलून द्या.