पदक पठ्ठ्याचं, घाम वस्तादाचा

मंडळी, अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच म्हणजे बडं प्रस्थ. कित्येक राज्यांत सगळ्यात मोठा सरकारी पगार त्याचाच असतो. आपल्याकडं ते काम तालमीतला वस्ताद करतो. त्याला काय मिळतं, कधी विचारलंय?

हरिश्चंद्र बिराजदार मामांचंच बघा. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा गडी, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडला. १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाला. दिल्लीच्या सतपालला त्यानं आस्मान दाखवलं. पण मोठं काम त्यापुढचं. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मामांनी पोरं घडवली. काका पवार त्यांचेच पठ्ठे, राहुल आवारेही त्यांचाच. २०११ साली मामा गेले. मग राहुलला काकांनी सांभाळलं आणि २०१८ ला गोल्ड कोस्टला त्यानं राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं. मामांची मेहनत त्यांच्यामागं सात वर्षांनी फळाला आली.

बारामती-इंदापूरच्या जत्रांतही फडावर पुकारा होतो, 'अमक्या वस्तादाचा पठ्ठा!' टाळ्या पडतात. वस्तादाच्या वाट्याला मात्र फेटा आन् नारळ. यंदा यात्रा कमिट्यांनी एक करावं. शेवटच्या कुस्तीच्या इनामातला एक वाटा जिंकणाऱ्याच्या वस्तादाच्या हातात, फडावरच द्यावा. पटतंय का?