क्विलिंग : कागदी पट्ट्यांचे वळणकाम

क्विलिंग : कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून, त्या वेटोळ्यांना बोटांनी आकार देऊन आणि ती एकमेकांशेजारी उभी चिकटवून नक्षी, चित्रे, दागिने व शोभेच्या वस्तू घडवण्याची हस्तकला. मराठीत तिला स्वतंत्र नाव रुळलेले नाही. शिकणारे आणि शिकवणारे, दोघेही ‘क्विलिंग’च म्हणतात. हाताची हालचाल मात्र मराठी घराला परकी नाही. फुलवाती वळताना किंवा लग्नघरात गव्हले, बोटवे, नखुल्या, मालत्या असे वळवट करताना अंगठा आणि तर्जनी जे करतात, तेच येथे कागदावर करायचे असते. म्हणून घरात आजी असेल तर पहिला धडा तिच्या शेजारी बसून घ्यावा. बोटांचा दाब किती असावा, हे ती शब्दांवाचून दाखवू शकते.

नावाचा उगम इंग्रजीतील ‘क्विल’ म्हणजे पिसाच्या दांड्यात आहे. आपल्याकडे लिहायला बोरू होता, युरोपात पीस. त्याच पिसावर पट्टी गुंडाळली जाई. प्रबोधनकाळात फ्रान्स व इटलीतील ख्रिस्ती मठांतल्या जोगिणी पुस्तकांच्या कडा कापताना उरलेल्या सोनेरी पट्ट्यांनी धर्मग्रंथांची वेष्टने आणि पवित्र अवशेषांच्या पेट्या सजवीत. सोन्याचांदीच्या तारकामाचा भास थोड्या खर्चात साधत असे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांतल्या मुलींनी ही कला उचलली. राजा तिसरा जॉर्ज याची कन्या एलिझाबेथ हिलाही तिचा नाद होता. जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) या कादंबरीत एका लहान मुलीसाठी अशी कागदी टोपली करण्याचा प्रसंग आहे, आणि नायिका पट्ट्या गुंडाळायला मदत करते. अलीकडे युलिया ब्रोद्स्काया या रशियन चित्रकर्तीने पट्ट्या काठावर उभ्या लावून माणसांचे चेहरे रेखाटले आणि विरंगुळ्याच्या या कामाकडे चित्रकला म्हणून पाहिले जाऊ लागले.

पुणे परिसराची कागदाशी ओळख जुनी. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव त्याच धंद्याची खूण. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची. हातकागद जाड, मऊ आणि थोडा असमान असतो, त्यामुळे त्याची पट्टी नीट वळत नाही. पण चित्राची पाठ म्हणून त्याच्यासारखा कागद नाही. त्यावर फेव्हिकॉल लगेच धरतो आणि डाग दिसत नाही.

ही नोंद वाघोलीत क्विलिंग शिकू पाहणाऱ्यासाठी आहे. वाघोली हे पुण्याच्या नगर रस्त्यावरचे, वाघेश्वराच्या देवळाचे आणि दगडखाणींचे गाव. आता ते मोठमोठ्या गृहसंकुलांनी भरले असून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. येथून नव्याने सुरुवात करणाऱ्याला ‘आधी बोहरी आळीत जाऊन सामान आण’ असा सल्ला हमखास मिळतो. रविवार पेठेतील त्या आळीत तयार पट्ट्यांच्या गड्ड्या, सुया, साचे, कानातल्यांचे हूक सगळे मिळते, हे खरे. तरी पहिल्या महिन्यात तिकडे जाऊ नये, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातला ए-फोर आकाराचा रंगीत कागद घ्यावा. तो थोडा मऊ असतो, पण सरावाला पुरतो. लांबीच्या दिशेने ३ मि.मी.च्या पट्ट्या पाडल्या तर एका कागदातून ७० पट्ट्या निघतात, म्हणजे जवळजवळ २१ मीटर. स्टीलची पट्टी, कटर आणि खाली जुना पुठ्ठा एवढ्यावर भागते. कार्डशीट मात्र टाळावे. ते वळताना मोडते आणि वेटोळ्याला कोपरे पडतात.

सुईही घरी होते. दात कोरायच्या काडीचे टोक कापून त्यात ब्लेडने अर्धा सेंटिमीटर चीर पाडली की खाचेची सुई तयार. खाच नसलेल्या दाभणावर वळले तर मध्यभागी वाकडी दुमड राहत नाही आणि काम देखणे दिसते, पण हात बसायला वेळ लागतो. पहिले काही दिवस खाचच बरी. ठरावीक मापाची वेटोळी हवी असतील तर औषधाच्या बाटल्यांची झाकणे साचा म्हणून चालतात.

पट्टीचे टोक खाचेत अडकवायचे. डाव्या हाताच्या चिमटीत पट्टी हलकी ताणून धरायची आणि उजव्या हाताने सुई फिरवायची. पट्टी फिरवायची नाही. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर काठाशी काठ जुळून बसला पाहिजे, नाहीतर वेटोळे स्क्रूसारखे वर चढते. शेवटचे टोक कात्रीने कापू नये, बोटांनी फाडावे. फाटलेला तिरपा काठ चिकटल्यावर दिसत नाही. सुई काढून लगेच टोक चिकटवले तर घट्ट वेटोळे होते. न चिकटवता झाकणात सोडले तर ते श्वास घेतल्यासारखे उलगडते आणि झाकणाच्या कडेला जाऊन थांबते. मग टोक चिकटवायचे. हे सैल वेटोळे म्हणजे क्विलिंगची मुळाक्षरे. एका बाजूला चिमटले की थेंब, दोन्ही बाजूंना चिमटले की डोळा, चार ठिकाणी चिमटले की चौकोन, थेंबाचे टोक किंचित वाकवले की कोयरी.

नवशिक्याची अडचण गुंडाळण्यात नसते, ती सोडण्यात असते. पाच पाकळ्यांचे फूल वेडेवाकडे दिसते तेव्हा बहुधा पाचही वेटोळी वेगवेगळ्या मापाची उलगडलेली असतात. कुणी घाईने टोक चिकटवतो, कुणी बोटात धरून ठेवतो, कुणाच्या पट्टीत आधीचाच बाक असतो. यावर उपाय एकच. पाचही पट्ट्या सारख्या लांबीच्या कापाव्यात, पाचही एकाच झाकणात सोडाव्यात, आणि सगळी तयार झाल्याशिवाय एकही चिमटू नये. चिमटण्यापूर्वी वेटोळ्याचे केंद्र टाचणीने ज्या बाजूला सरकवावे त्या बाजूला फेरे दाट होतात. पाचही पाकळ्यांचे केंद्र फुलाच्या मध्याकडे ओढले की साध्या कागदात छाया पडल्यासारखी दिसते. हे एकदा जमले की माणूस ही कला सोडत नाही.

फेव्हिकॉल बाटलीतून थेट लावणे ही दुसरी नेहमीची चूक. प्लास्टिकच्या झाकणावर वाटाण्याएवढा घ्यावा आणि काडीच्या टोकाने मोहरीएवढा लावावा. जास्त झाला तर कागद ओला होऊन पोटात फुगतो आणि वाळल्यावर चमकतो. शेजारी ओले फडके ठेवावे. चिकट बोटांनी धरलेली पांढरी पट्टी पुन्हा पांढरी होत नाही.

महाराष्ट्रात या कलेचा मोठा पसारा कानातल्यांत आणि रुखवतात दिसतो. झुमक्याचा घुमट म्हणजे एक मोठे, घट्ट, सपाट वेटोळे. ते अंगठ्याने मधून हळूहळू ढकलले की फेरे एकमेकांवरून सरकतात आणि वाटी तयार होते. आतून फेव्हिकॉलचा हात देऊन ती पक्की करतात, बाहेरून वॉर्निश लावतात. अडीच सेंटिमीटर व्यासाचे वेटोळे करायला, कागदाची जाडी ०.१३ मि.मी. धरली तर, सुमारे पावणेचार मीटर पट्टी लागते. म्हणजे ए-फोरच्या तेरा पट्ट्या टोकाला टोक जोडून गुंडाळाव्या लागतात. जोड फेऱ्याच्या आत दडतात. एवढे करून घुमटाचे वजन दीड ग्रॅमच्या आतच राहते. कानाची पाळी ओघळलेल्या बायका हे झुमके आवडीने का घालतात, ते यावरून कळते. पाणी हा या झुमक्यांचा शत्रू. वॉर्निश असले तरी पावसात घालू नयेत.

रुखवतात नवरानवरीची नावे, सजवलेल्या सुपाऱ्या, घट्ट वेटोळ्यांच्या बाहुल्या मांडतात. पूर्वी तेथे क्रोशाचे रुमाल आणि मण्यांची तोरणे असत; ती जागा कागदाने बरीचशी घेतली आहे. २३ मार्च २०१८ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने थर्माकोलवर बंदी आली, आणि गणपतीच्या मखरासाठी कागद व पुठ्ठ्याकडे लक्ष गेले. क्विलिंगचे संपूर्ण मखर करणे फार वेळखाऊ. पुठ्ठ्याच्या कमानीला पट्ट्यांची किनार आणि दोन कोयऱ्या एवढे केले तरी ते खुलते.

जपणुकीचा प्रश्न वाघोलीत विशेष आहे. बांधकामांची धूळ वेटोळ्यांच्या फटीत बसते आणि पुसता येत नाही. मऊ कोरड्या ब्रशने झटकावी, ओले फडके लावू नये. चित्र काचेआडच ठेवावे. मात्र साधी फ्रेम चालत नाही. पट्टी ३ मि.मी. उभी असते, वरच्या थराची फुले आणखी वर येतात, आणि काच टेकली तर ती चपटतात. फ्रेमवाल्याला काच आणि पाठ यांत किमान दीड सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायला सांगावे. खोल पेटीसारखी फ्रेम म्हटले की त्याला समजते. पावसाळ्यात न वापरलेल्या पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, रंगवार आणि सरळ ठेवाव्यात. गड्डीला रबर लावले तर दमट हवेत त्याची खूण पट्टीवर उमटते आणि वळताना पट्टी नेमकी तेथेच मोडते.