तुलनेची कसोटी

आरोग्योपक्रमाची खरी परीक्षा त्याच्या फलावरून होते. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९९३ सालीं हीच कसोटी पत्करिली. निवडलेल्या ३९ गांवांत जन्ममृत्यूंची काटेकोर नोंद सुरू झाली. १९९५ पासून तेथील प्रशिक्षित स्त्रिया नवजात अर्भकांची घरोघर शुश्रूषा करूं लागल्या. त्याच भागांतील इतर ४७ गांवांत ही योजना नव्हती. नोंद मात्र तेथेंही होई. पहिल्या गटांत हजार नवजात अर्भकांमागें ६२ दगावत. १९९८ पर्यंत तो आंकडा सुमारें २५ वर आला. दुसऱ्या गटांत तशी घट दिसली नाहीं. त्या ४७ गांवांतील शोकाची नोंद नसती, तर हे प्राण शुश्रूषेनें वांचले कीं काळमानानें, हें सांगणें अशक्य होतें.